आत्याचा आजार, भाच्याची तपासणी

"घरात कुणाला कॅन्सर झाला होता का?" डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला की बहुतेक पुरुषांचे उत्तर ठरलेले असते. "तसा कुणाला नाही. आत्याला होता, पण तो बायकांचा. छातीचा." एवढे बोलून विषय संपतो आणि डॉक्टरही पुढचा प्रश्न विचारतात.

आत्याला झालेला आजार स्तनाचा असेल, पण तो ज्या कारणाने झाला ते कारण कधी कधी घराण्यातून आलेले असते. आत्या आणि वडील एकाच आईबापाची लेकरे. आत्याकडे जे आले ते वडिलांकडेही आलेले असू शकते आणि वडिलांकडून मुलाकडे, मुलीकडे पोहोचलेले असू शकते. हे माहीत नसल्यामुळे अनेक घरांत पुरुष तपासणीपासून दूर राहतात. आजार कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून या अंकात आनुवंशिक कॅन्सर आणि पुरुष या विषयावर थोडे सविस्तर बोलू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू

सगळे कॅन्सर घराण्यातून येत नाहीत. शंभर कॅन्सर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणांमध्येच जन्मतः आलेला जनुकीय दोष हे मुख्य कारण असते. बाकीच्यांत वाढते वय, तंबाखू, दारू, काही विषाणू, लठ्ठपणा अशी वेगवेगळी कारणे असतात. आपल्याकडील पुरुषांमध्ये तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे सर्वांत मोठे कारण तंबाखूच आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण बंदी कागदावर आणि पुडी खिशात अशी स्थिती असेल तर जनुकांची चर्चा करून उपयोग नाही. ज्याच्या खिशात पुडी आहे त्याने हा लेख वाचण्याआधी ती टाकून द्यावी.

पण ज्या घरांत हा पाच-दहा टक्क्यांतला दोष आहे, त्या घरांसाठी पुढची माहिती फार मोलाची आहे. तिथे कुणाला धोका जास्त आहे हे आजार होण्याआधी कळू शकते.

जनुकातला बदल म्हणजे नेमके काय?

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते. या गुणसूत्रांवर जनुके असतात. शरीर कसे बांधायचे आणि कसे चालवायचे याच्या सूचना त्यांत असतात.

पेशीतल्या या सूचनांची रोज थोडीफार मोडतोड होत असते. ती दुरुस्त करण्यासाठी शरीरात कारागीर आहेत. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुके अशाच दुरुस्तीच्या कामाची आहेत. पहिले १७ व्या गुणसूत्रावर आहे, दुसरे १३ व्या. एखाद्या व्यक्तीत यांपैकी एका जनुकाची एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असेल, तर दुसऱ्या चांगल्या प्रतीवर काम चालून जाते. पण आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत ती चांगली प्रतही बिघडली, तर त्या पेशीत दुरुस्ती नीट होत नाही. चुका साचत जातात आणि त्यातून कॅन्सर सुरू होऊ शकतो. जन्मतः असलेल्या या बिघाडाला डॉक्टर म्युटेशन म्हणतात.

मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ महिलेने १९९० मध्ये दाखवून दिले की, काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरचे मूळ १७ व्या गुणसूत्रावर आहे. पुढे १९९४ मध्ये बीआरसीए-१ आणि १९९५ मध्ये बीआरसीए-२ प्रत्यक्ष शोधले गेले. इंग्रजीत 'ब्रेस्ट कॅन्सर' या शब्दांवरून त्यांना नाव मिळाले आणि त्या नावामुळेच हा बायकांचा विषय आहे असा समज पसरला. जनुक मात्र स्त्री-पुरुष दोघांतही असते.

वडिलांकडून येणारा निम्मा वाटा

ज्या व्यक्तीत हा दोष आहे, तिच्या प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो की मुलगी, प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडवले जाते. पहिल्याला आला म्हणून दुसऱ्याला येणार नाही, असा हिशेब इथे चालत नाही.

समजा, एका घरात आजीला पन्नाशीच्या आत पोटात गाठ होऊन ती गेली. तिला दोन मुले आणि एक मुलगी. मुलीला, म्हणजे आत्याला, बेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. तपासणीत तिच्यात बीआरसीए-२ चा दोष सापडला. आता तिच्या दोन्ही भावांमध्ये तो असण्याची शक्यता निम्मी आहे. त्या भावांच्या प्रत्येक मुलामुलीत तो असण्याची शक्यता चारात एक. भाऊ साठीपर्यंत ठणठणीत असेल आणि त्याला दोनच मुलगे असतील, तर हा दोष त्या शाखेत कुणाला दिसणारही नाही. मग नातीच्या वाट्याला तो आला की लोक म्हणतात, "एक पिढी सोडून आला." आजार पिढी सोडू शकतो, पण दोष पिढी सोडून उडी मारत नाही. मधल्या पिढीतल्या पुरुषात तो गुपचूप बसलेला असतो. आणि ज्याच्याकडे तो आलाच नाही, त्याच्याकडून त्याच्या मुलांना तो जाऊ शकत नाही.

म्हणून घराण्याची माहिती काढताना आईची बाजू आणि वडिलांची बाजू सारख्याच काळजीने पाहावी लागते. आपल्याकडे मुलगी सासरी गेली की तिचा आजार सासरच्या घराचा होतो. आत्याची फाईल आत्याच्या घरी, आतेबहिणीची तिच्या घरी. त्यामुळे एका घराण्याचे चार कॅन्सर चार घरांत विखुरतात आणि कुणालाच त्यांची साखळी दिसत नाही.

हे मागच्या जन्माचे फळ नाही

एका घरात दोघा-तिघांना कॅन्सर झाला की आजूबाजूला कुजबूज सुरू होते. पाप, शाप, करणी, मागच्या जन्मीचे कर्म. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. तरीही संकटात असे बोलणे आपल्या घरांतही ऐकू येते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कर्माच्या प्रश्नाची चिकित्सा करताना आनुवंशिकतेच्या शास्त्राचाच आधार घेतला आहे. मूल आईवडिलांचे गुणधर्म घेऊन जन्माला येते असे विज्ञान सांगते. माणूस स्वतःचेच पूर्वजन्मीचे कर्म वारसा म्हणून घेऊन येतो ही कल्पना त्यात बसत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हा बीआरसीए जनुकांचा शोध लागायला अजून जवळजवळ चार दशके होती. आज त्यांचा तो विचार रुग्णाच्या थेट कामाचा आहे. ज्याला आजार झाला त्याने काही वाईट केलेले नसते आणि ज्या आईबापाकडून दोष आला त्यांनीही तो मुद्दाम दिलेला नसतो. कारण असेल तिथे उपाय शोधता येतो. शापावर तपासणी नसते, जनुकातल्या दोषावर असते.

पुरुषाला कोणता धोका?

पुढचे आकडे मुख्यतः युरोप-अमेरिकेतील कुटुंबांच्या अभ्यासांतून आलेले आहेत. ते एखाद्या माणसाचे भविष्य सांगत नाहीत, धोक्याचा अंदाज देतात.

प्रोस्टेट: मूत्राशयाच्या खाली असलेली ही ग्रंथी फक्त पुरुषांत असते. बीआरसीए-२ चा दोष असलेल्या शंभर पुरुषांपैकी साधारण २० ते ६० जणांना ८० व्या वर्षापर्यंत प्रोस्टेटचा कॅन्सर होतो, असे वेगवेगळे अभ्यास सांगतात. बीआरसीए-१ मध्ये हा आकडा साधारण ७ ते २६ आहे. बीआरसीए-२ असलेल्यांमध्ये हा कॅन्सर कमी वयात येतो आणि वेगाने वाढणारा असण्याची शक्यता जास्त असते. म्हातारपणी प्रोस्टेटचा मंद कॅन्सर असतो आणि माणूस दुसऱ्याच कारणाने जातो, हा समज या घराण्यांना लावू नये.

स्तन: पुरुषालाही स्तनाच्या पेशी असतात, थोड्या असतात एवढेच. स्तनाच्या एकूण कॅन्सरपैकी सुमारे एक टक्का पुरुषांना होतो. सर्वसाधारण पुरुषाला आयुष्यभरात हा धोका हजारात एकाच्या आसपास असतो. बीआरसीए-२ असलेल्यांमध्ये तो शंभरात सातच्या घरात जातो आणि बीआरसीए-१ मध्ये शंभरात एकाच्या आसपास राहतो. पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला, तर त्याचे वय काहीही असो, जनुक तपासणीचा सल्ला दिला जातो.

स्वादुपिंड: या अवयवाच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या तुलनेत काही पटीने वाढतो. पण वाढूनही या दोषाच्या बहुतेकांना हा कॅन्सर होत नाही.

आणखी एक दोष पुरुषांनी माहीत करून घ्यावा. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. दुरुस्ती करणाऱ्या दुसऱ्या काही जनुकांतल्या बिघाडाने तो होतो आणि त्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी वयात होऊ शकतो. त्याच घरातल्या स्त्रियांना गर्भाशयाचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे इथेही काकांच्या आतड्याचा आणि आत्याच्या पिशवीचा आजार एकाच धाग्यात असू शकतो. लिंच असेल तर बहुतेक वेळा २० ते २५ या वयापासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात. त्यात कॅन्सर होण्याआधीच्या लहान गाठी सापडतात आणि त्याच वेळी काढून टाकता येतात.

चौकशी कुणी करावी?

रक्ताच्या नात्यात, आईकडून किंवा वडिलांकडून, पुढीलपैकी काही असेल तर जनुक समुपदेशकाला किंवा कॅन्सरच्या डॉक्टरांना जरूर विचारावे:

• कुणालाही, कोणत्याही वयात अंडाशयाचा कॅन्सर
• पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, किंवा दोन्ही स्तनांचा कॅन्सर
• पुरुषाला स्तनाचा कॅन्सर
• शरीरात पसरलेला किंवा फार आक्रमक असा प्रोस्टेटचा कॅन्सर
• स्वादुपिंडाचा कॅन्सर
• पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर
• एकाच बाजूच्या नात्यात तिघांना किंवा अधिक जणांना वरीलपैकी कॅन्सर

माहिती काढताना एक अडचण येते. जुन्या माणसांच्या बोलण्यात "पोटात गाठ होती" किंवा "पिशवीचा होता" एवढेच असते. पोटातली गाठ अंडाशयाची होती की आतड्याची, यावर पुढचा सगळा निर्णय अवलंबून असतो. म्हणून जुने कागद शोधा. गावाकडच्या ट्रंकेत, कपाटात टाटाची किंवा जिल्हा रुग्णालयाची फाईल अनेकदा जपून ठेवलेली असते. त्यातला बायोप्सीचा कागद सर्वांत महत्त्वाचा. माणूस गेला म्हणून फाईल जाळू नका, रद्दीत देऊ नका. तीन पिढ्यांचा साधा तक्ता करा. कुणाला, कोणत्या अवयवाचा आणि कितव्या वर्षी. एवढ्या तीन गोष्टी लिहिल्या तरी पुरे.

चाचणी कशी होते?

थोडे रक्त, काही ठिकाणी लाळ, एवढाच नमुना लागतो. अहवाल यायला साधारण तीन-चार आठवडे जातात. चाचणीआधी समुपदेशन व्हायला हवे, कारण निकाल एका माणसाचा असला तरी त्याचा अर्थ सगळ्या घराला लागतो. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आणि त्याच संस्थेच्या खारघर येथील केंद्रात कॅन्सरच्या आनुवंशिकतेसाठी खास विभाग आहे. इतर शहरांतील लोकांनी आपल्या कॅन्सर रुग्णालयात विचारावे. नमुना जवळच्या शहरात देऊन तो प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय आता बऱ्याच ठिकाणी असते.

एक नियम लक्षात ठेवा. घरात ज्याला आजार झाला आहे आणि जो हयात आहे, त्याची चाचणी शक्यतो आधी करावी. त्याच्यात दोष सापडला की इतरांना फक्त तोच एक दोष तपासावा लागतो आणि ती चाचणी पूर्ण चाचणीपेक्षा बरीच स्वस्त पडते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. तुमच्या बाबतीत तपासणीचा खर्च कशात बसतो, ते रुग्णालयातील आरोग्यमित्र आणि समाजसेवा विभाग यांना विचारा. विचारायला लाजू नका. तो आपला हक्क आहे.

निकाल तीन प्रकारचा असतो. पहिला, दोष सापडला. दुसरा, दोष नाही. घरात आधी सापडलेला ठरावीक दोष तुमच्यात नसेल, तर त्या दोषामुळे येणारा जास्तीचा धोका तुम्हाला नाही आणि तुमच्यामुळे तुमच्या मुलांनाही नाही. पण घरातल्या आजारी माणसाची चाचणीच झालेली नसेल, तर 'दोष नाही' या निकालावर तेवढे निश्चिंत राहता येत नाही. तिसरा निकाल लोकांना गोंधळात टाकतो. जनुकात बदल दिसतो, पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे अजून ठरलेले नसते. अशा निकालावरून कोणतीही शस्त्रक्रिया करून घेऊ नये. घराण्याच्या इतिहासावरून डॉक्टर तपासण्या ठरवतात आणि पुढे माहिती वाढली की त्या बदलाचा अर्थ नव्याने कळवला जातो. आपल्या देशातल्या लोकांत असे अनिश्चित निकाल तुलनेने जास्त येतात, कारण जगातील जनुकांच्या नोंदी आजवर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत. ज्यांची नोंदच नाही, त्यांच्याविषयी शास्त्रालाही नेमके बोलता येत नाही. ही गोष्ट आपल्या समाजाला वेगळी समजावून सांगायला नको.

अठरा वर्षांखालील मुलांची बीआरसीए चाचणी करू नये. लहानपणी त्यांच्यासाठी वेगळे काही करायचे नसते. मोठे झाल्यावर तो निर्णय त्यांचा त्यांनी घ्यायचा असतो.

दोष सापडला तर पुरुषाने काय करावे?

दोष सापडणे म्हणजे कॅन्सर झाला असे नव्हे. आता पाळत ठेवायची आहे, एवढा त्याचा अर्थ.

३५ व्या वर्षापासून महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी आपली छाती आणि काखा स्वतः चाचपून पाहाव्यात आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात. बोंडीच्या मागे न दुखणारी कडक गाठ, बोंडी आत ओढली जाणे, तिच्यातून रक्त किंवा पाणी येणे, कातडीवर न भरणारी जखम, काखेत गाठ, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. काही पुरुषांची छाती दोन्ही बाजूंनी मऊसर वाढते. ते बहुधा कॅन्सरचे नसते, पण ते ठरवणे डॉक्टरांचे काम. लाज वाटते म्हणून सदऱ्याखाली गाठ वाढू देणारे पुरुष उशिरा येतात आणि मग उपचार अवघड होतो. बीआरसीए-२ असेल तर पन्नाशीपासून, किंवा घरातल्या पुरुषाला ज्या वयात स्तनाचा कॅन्सर झाला त्याच्या दहा वर्षे आधीपासून, वर्षातून एकदा मॅमोग्राफी करावी का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

४० व्या वर्षापासून प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ताची चाचणी सुरू करावी. बीआरसीए-२ मध्ये तिची शिफारस ठामपणे केली जाते. बीआरसीए-१ मध्ये डॉक्टरांशी बोलून ठरवावे. या शिफारशीमागे वीस देशांत झालेला 'इम्पॅक्ट' नावाचा मोठा अभ्यास आहे. लंडनच्या कॅन्सर संशोधन संस्थेतील प्राध्यापक रॉस ईल्स यांनी त्याचे नेतृत्व केले. ४० ते ६९ वयाच्या पुरुषांची दरवर्षी पीएसए चाचणी करून २०१९ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यांत बीआरसीए-२ असलेल्या पुरुषांमध्ये सापडलेल्या प्रोस्टेट कॅन्सरपैकी ७७ टक्के उपचार करावा लागेल अशा गंभीर प्रकारचे होते. दोष नसलेल्यांत हे प्रमाण ४० टक्के होते.

पीएसए वाढलेले दिसले की लगेच कॅन्सर समजू नये. लघवीच्या जंतुसंसर्गाने, वयानुसार वाढलेल्या साध्या प्रोस्टेटनेही ते वाढते. जंतुसंसर्ग झाला असेल तर काही आठवडे थांबून चाचणी करावी. चाचणीच्या आधी दोन दिवस लांबची सायकलस्वारी आणि शरीरसंबंध टाळावेत. प्रोस्टेटसाठी किंवा केस गळण्यासाठी फिनास्टेराइड ही गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगावे. त्या गोळीने पीएसए साधारण निम्मे दिसते आणि खरा आकडा लपतो. आकडा वाढलेलाच राहिला तर आधी एमआरआय आणि गरज पडली तर बायोप्सी करतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे अनेक घरांत ऐकू येते. ते खरे नाही. बायोप्सीशिवाय निदान पक्के होत नाही आणि योग्य उपचारही ठरत नाही.

घरात कुणाला स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेला असेल, तर साधारण पन्नाशीपासून त्यासाठी वेगळ्या तपासण्या करता येतात. त्या मोठ्या केंद्रातच कराव्यात. तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडणे हे या सगळ्याच्या आधी, कारण धूम्रपानाने स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका आणखी वाढतो.

आजार झालाच, तरी दोष माहीत असण्याचा फायदा आहे. ओलापॅरिबसारखी औषधे बीआरसीए दोष असलेल्या कॅन्सरवर विशेष काम करतात. आज ती स्तन, अंडाशय, स्वादुपिंड आणि पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ठरावीक रुग्णांना दिली जातात. जनुकाचा अहवाल हातात असेल तर डॉक्टर हा मार्ग वेळेवर विचारात घेऊ शकतात.

घरात सांगायचे कसे?

सगळ्यात अवघड भाग हाच आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय डॉक्टर त्याच्या नातेवाइकांना काही कळवत नाहीत. सांगायचे काम घरच्याच माणसाचे. आणि इथे पुरुष गप्प बसतात. "बहिणीचे टेन्शन वाढेल." "पुतणीचे लग्न जमायचे आहे, बाहेर कळले तर मोडेल." ही भीती खरी आहे. पण न सांगितल्याने पुतणीतला दोष जात नाही. जाते ती फक्त तिची वेळेवर तपासणी. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी लवकर निदान करणारी खात्रीची तपासणी नाही. दोष आधी कळला तर मुले झाल्यावर योग्य वयात अंडाशय आणि नलिका काढून टाकण्याचा मार्ग तिला मिळतो. काकांच्या मौनाची किंमत पुतणीने मोजावी, हे आपल्याला मान्य आहे का?

सांगण्यासाठी मोठे भाषण लागत नाही. असा साधा निरोप पुरतो:

"दादा, माझ्या तपासणीत बीआरसीए-२ या जनुकात दोष सापडला आहे. तो रक्ताच्या नात्यात येतो. तुझ्यात असेलच असे नाही, शक्यता निम्मी आहे. माझ्या रिपोर्टची प्रत पाठवतो, ती घेऊन डॉक्टरांना भेट. ताईला आणि काकांच्या मुलांनाही मी कळवतो आहे. घाबरू नकोस, पण टाळूही नकोस."

लग्नाबद्दल आणखी एक गोष्ट. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. नवरा-बायको दोघांतही बीआरसीए-२ चा दोष असेल, तर प्रत्येक अपत्याला चारात एक शक्यतेने फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा गंभीर आजार होऊ शकतो. लहानपणीच रक्त तयार होण्याची क्रिया त्यात बिघडते. ज्या घरात हा दोष माहीत आहे, त्या घराने नात्यातले लग्न ठरवण्याआधी दोघांचीही चाचणी करावी.

विम्याचा प्रश्नही लोक विचारतात. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, केवळ आजार जनुकीय आहे म्हणून आरोग्य विम्याचे संरक्षण सरसकट नाकारणे हे राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ च्या विरुद्ध आहे, असे म्हटले. समतेचा हक्क आणि जगण्याचा हक्क रक्तातल्या दोषापाशी थांबत नाहीत, असा त्याचा अर्थ. तरी पॉलिसी घेताना अटी नीट वाचाव्यात आणि विचारलेली माहिती लपवू नये. लपवलेल्या माहितीवरून दावे अडतात.

विहारातून सुरुवात करता येईल

आपले नातेवाईक एकत्र येण्याचे प्रसंग कमी नाहीत. पुण्यानुमोदनाला गावाहून, मुंबईहून, पुण्याहून सगळे येतात. दुःख थोडे ओसरल्यावर घरातल्या जाणत्या माणसाने तीन पिढ्यांचा तक्ता भरून घेतला, तर गेलेल्या माणसाच्या आजाराची माहिती जिवंत माणसांच्या उपयोगी पडेल. वर्षावासात ग्रंथवाचनाला जमणाऱ्या उपासक-उपासिकांसमोर एखाद्या रविवारी कॅन्सरच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला बोलावता येईल. अशा कार्यक्रमांना बहुधा बायका येतात आणि पुरुष बाहेर उभे राहतात. या विषयाला तरी पुरुषांनी आत येऊन बसावे.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी घरातल्या कॅन्सरबद्दल विचारले, तर आत्याचे नाव पहिल्यांदा सांगा. तिला कितव्या वर्षी झाला होता, तेही सांगा. माहीत नसेल तर आज आत्याला, ती नसेल तर आतेभावाला फोन करून विचारा.

(या लेखातील माहिती सर्वसाधारण आहे. कोणती तपासणी, कोणत्या वयापासून आणि किती वेळा करायची, हे प्रत्येकाच्या घराण्याच्या इतिहासावर अवलंबून असते. निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)